साठ तास, चार क्रेडिट आणि ‘विज्ञान : शाप की वरदान’

तृतीय वर्ष बीएच्या इंग्रजी विशेषला विज्ञानकथा आणि अद्भुतकथा असा पेपर लावायचा असेल, तर पहिला कागद हलल्यापासून पहिला तास होईपर्यंत दहा-अकरा महिने धरून चाला. आमच्या विभागाने पहिला खर्डा ऑगस्ट २०२४ मध्ये केला. पहिला तास झाला २३ जून २०२५ला, आणि शेवटचा गठ्ठा तपासून झाला नोव्हेंबर संपताना. कॉलेज स्वायत्त आहे म्हणून एवढ्यात जमलं. नुसतं संलग्न कॉलेज असेल तर अभ्यासक्रम विद्यापीठाचं अभ्यास मंडळ ठरवतं. तिथे आपल्या हातात असतं ते जोड अभ्यासक्रम काढणं, किंवा आहे त्या पेपरात एखादी कथा सुचवणं. तेही वाईट नाही. खाली जे वर्गातलं आहे ते दोन कथांपुरतंही वापरता येईल.

खर्डा करताना पहिली चूक झाली ती हावरेपणाची. चार क्रेडिटचा पेपर म्हणजे साठ तास, शंभर गुण. त्यात आम्ही पाच कादंबऱ्या कोंबल्या होत्या. कागदावर साठ तास दिसतात, पण गणपती, युवक महोत्सव, अंतर्गत परीक्षा आणि ‘आज हॉल रिकामा हवा आहे’ असले दिवस वजा जाता आम्हाला प्रत्यक्षात एक्कावन्न मिळाले. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी इंग्रजी कादंबरीची वर्गात एका तासाला बारा-पंधरा पानं नीट वाचतो. या हिशेबाने दोन छोट्या कादंबऱ्या, एक मध्यम आणि तीन कथा, यापुढे जाऊ नये. शेवटी घटक असे पडले : संकल्पना १२ तास, मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ १६, वेल्सची ‘द टाइम मशीन’ आणि तीन भारतीय कथा मिळून १६, अर्सुला ले ग्विनची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ १६.

ठरावीक नमुन्यातल्या तक्त्यांनी पंधरा दिवस खाल्ले. प्रत्येक घटकापुढे निष्पत्ती (म्हणजे तो शिकून विद्यार्थ्याला काय करता येईल ते) लिहायची आणि ती कार्यक्रमाच्या निष्पत्तींशी जोडायची. ‘समजून घेणे’, ‘आस्वाद घेणे’ ही क्रियापदं परत येतात, कारण ती मोजता येत नाहीत. ‘ओळखणे’, ‘तुलना करणे’, ‘वेगळे करून दाखवणे’ ही चालतात. वैतागवाणं काम आहे, पण एक फायदा झाला. ‘विज्ञानाचे फायदे-तोटे समजणे’ असं पहिल्या खर्ड्यात आमच्याच हातून लिहिलं गेलं होतं, ते याच फेरीत उडालं. ‘विज्ञान : शाप की वरदान’ हा शाळेतला निबंध सगळ्यांच्याच हाडीमाशी मुरलेला असतो. या पेपरात खरी झुंज त्याच्याशीच आहे हे तेव्हा लक्षात आलं नाही.

अभ्यास मंडळाची बैठक १८ जानेवारी २०२५ला झाली. स्वायत्त कॉलेजच्या मंडळात विभागातले प्राध्यापक, बाहेरचे दोन तज्ज्ञ, कुलगुरूंनी नेमलेला एक, उद्योगक्षेत्रातला एक आणि एक माजी विद्यार्थी असतो. आक्षेप तीनच आले आणि तुमच्याकडेही हेच येतील. हे हलकं वाचन आहे. हे परदेशी आहे. मराठीत विज्ञानकथा असताना इंग्रजीच्या वर्गात कशाला? यावर भाषण करू नका, एक पानाचा तक्ता न्या. कैलासचंद्र दत्त यांचं १९४५ सालातल्या इंग्रजांविरुद्धच्या उठावाची कल्पना करणारं लेखन १८३५चं आहे, आणि ते इंग्रजीत आहे. रुकैया सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज ड्रीम’ १९०५ साली मद्रासच्या ‘द इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये आली, तीही मूळ इंग्रजीतच. म्हणजे इंग्रजीच्या वर्गाचा हक्क काही नव्याने सांगावा लागत नाही. मराठीचा धागाही तोडला नाही : जयंत नारळीकरांची मुंबईत बर्फ पडतो ती कथा, ‘द आइस एज कमेथ’ या नावाने, नॅशनल बुक ट्रस्टच्या १९९३च्या संग्रहात आहे. संपादक बाळ फोंडके. मूळ मराठी शेजारी ठेवून वाचता येते.

तक्ता फिरल्यावर वातावरण निवळलं. मग एका सदस्यांनी प्रेमाने सुचवलं की शेवटच्या घटकाला ‘विज्ञान : वरदान की अभिशाप’ असं उपशीर्षक द्या, म्हणजे मुलांना सोपं जाईल. ते टळलं, पण इतिवृत्तात सूचना म्हणून राहिलं. आणि इतिवृत्तातली सूचना पुढे प्रश्नपत्रिकेत उगवते. इतिवृत्तावर सही होण्याआधी ते शब्दन् शब्द वाचा.

विद्वत परिषदेची मंजुरी १२ एप्रिलला मिळाली. त्यानंतर पाच आठवडे नुसती वाट. मंजूर झालेल्या पेपरला सांकेतिक क्रमांक मिळून तो प्रवेशाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढेपर्यंत विद्यार्थ्यांच्या फॉर्मवर तो पर्याय दिसतच नाही. परीक्षा विभागात दर सोमवारी एक फेरी मारली, तेव्हा मेच्या तिसऱ्या आठवड्यात काम झालं. आमच्याकडे ऐच्छिक पेपर चालायला किमान वीस विद्यार्थी लागतात. चौतीस आले. त्यातले बरेच सिनेमे बघून आले होते, हे पुढे नडलं.

आता पुस्तकं. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो आणि तो टाळता येतो.

‘फ्रँकेन्स्टाइन’ची पहिली आवृत्ती १८१८ची, तीन खंडांत. १८३१ साली शेलीने ती सुधारून एका खंडात काढली. बाजारातल्या स्वस्त प्रतींवर यातली कोणती संहिता आहे हे बहुधा छापलेलंच नसतं. ओळखायची खूण सोपी : प्रकरणांचे आकडे प्रत्येक खंडात पुन्हा एकपासून सुरू होत असतील (सात, नऊ, सात, एकूण तेवीस) तर ती १८१८ची, सलग चोवीस असतील तर १८३१ची. आम्ही अभ्यासक्रमात साल लिहायला विसरलो. पहिल्या आठवड्यात अर्ध्या वर्गाच्या प्रतीत व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनने घडवलेला जीव डोळे उघडतो ते पाचव्या प्रकरणात, उरलेल्यांच्यात पहिल्या खंडाच्या चौथ्यात. एकीच्या पुस्तकात एलिझाबेथ व्हिक्टरची आतेबहीण, शेजारणीच्या पुस्तकात इटलीत सापडलेली पोरकी मुलगी. दोघी आपापल्या जागी बरोबर. फरक तेवढाच असता तर चाललं असतं. १८३१च्या व्हिक्टरच्या तोंडी नशीब, विधिलिखित ही भाषा जास्त आहे, १८१८चा व्हिक्टर स्वतःच्या पायाने चालत जातो. निबंधवाल्यांना १८३१ची प्रत आयतीच सापडते. म्हणून १८१८चीच लावा.

‘टाइम मशीन’चंही तसंच, कुठे सोळा प्रकरणं अधिक उपसंहार, कुठे बारा. इथे मजकुराचा मोठा प्रश्न येत नाही, फक्त वर्गात प्रकरणाचा आकडा सांगू नका, प्रसंग सांगा.

झेरॉक्सबद्दल. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षारंभापासून साठ वर्षं हक्क राहतात. वेल्स १९४६ साली गेले, रुकैया १९३२ साली, म्हणजे ते मोकळे. ई. एम. फॉर्स्टर १९७० साली गेले. त्यांची १९०९ची ‘द मशीन स्टॉप्स’ अमेरिकी संकेतस्थळांवर फुकट दिसते, पण आपल्याकडे २०३० संपेपर्यंत हक्क शिल्लक आहेत. वर्गात शिकवण्यासाठी प्रती काढायला कायद्याच्या ५२व्या कलमात सवलत आहे, आणि दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या फोटोकॉपी दुकानाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली ती शिक्षणाच्या बाजूने वाचली. तरी अख्खी कादंबरी झेरॉक्स करणं हा त्याचा अर्थ नाही. ले ग्विनची प्रत विकतच घ्यावी लागली. ग्रंथालयाचा रस्ता म्हणजे तीन कोटेशनं, खरेदी समिती, मग ऑर्डर. सात आठवडे लागले. आठ प्रती ग्रंथालयात, बाकीच्या मुलांनी दोघा-तिघांत एक अशा घेतल्या. कथांचं चौसष्ट पानांचं स्पायरल प्रत्येकी ९५ रुपयांत पडलं. एकूण खर्च विद्यार्थ्यामागे पाचशेच्या आत राहिला.

पहिल्या तासाला व्याख्या नको. फळ्यावर तीन शब्द लिहा : ‘द डोअर डायलेटेड’. रॉबर्ट हाइनलाइनच्या १९४२च्या कादंबरीतलं हे वाक्य या क्षेत्रात फार मुरलेलं उदाहरण आहे. मुलं डिक्शनरी उघडतात. विस्फारणे. मग कुणीतरी म्हणतं, ‘सर, डोळे विस्फारतात. दार कसं विस्फारेल?’ तिथेच थांबायचं. दार कसं असेल, काढा. दहा मिनिटांत वहीत कॅमेऱ्याच्या पडद्यासारखी मधून गोल उघडणारी दारं उमटतात. आता पुढचा प्रश्न : लेखकाने दाराचं वर्णन का केलं नाही? कारण त्या घरात राहणाऱ्याला त्याचं काहीच वाटत नाही. आपणही ‘बिजागरीवर फिरणारं लाकडी दार उघडलं’ असं लिहीत नाही. अख्खा पेपर या तीन शब्दांत आहे. वाक्य आधी शब्दशः खरं मानायचं, त्यातून जग कसं असेल ते काढायचं, आणि प्रतीक, संदेश वगैरे सगळ्यात शेवटी. आपल्याकडच्या गाइडांनी नेमका उलटा क्रम शिकवलाय.

भाषेची अडचण मोठी. अनोळखी शब्द आला की मूल थांबतं, शोधतं, सापडला नाही की स्वतःला दोष देतं. म्हणून वहीचं एक पान उभं दुभागायला लावलं. डावीकडे डिक्शनरीत सापडणारे शब्द, उजवीकडे लेखकाने घडवलेले. ‘मॉरलॉक’ (‘टाइम मशीन’मधले जमिनीखाली राहणारे लोक) हातातल्या साध्या डिक्शनरीच्या मदतीने कळणार नाही, आणि तो १८९५च्या इंग्रज वाचकालाही कळला नव्हता, हे एकदा पटलं की भीड चेपते. या एका ठिकाणी मराठी माध्यमाची मुलगी आणि कॉन्व्हेंटचा मुलगा एका रेषेवर येतात.

संकल्पनांच्या घटकात विज्ञानकथेचे समीक्षक डार्को सुविन (१९७९), अद्भुत साहित्याचे समीक्षक त्झ्वेतान तोदोरोव्ह (१९७०) आणि टोल्किनचं १९३९चं अद्भुतकथांवरचं व्याख्यान होतं. तोदोरोव्ह पाऊण तासात संपवा. सुविनवर वेळ द्या, कारण तिसऱ्या तासाला पुष्पक विमान येतंच. ब्रह्मास्त्र म्हणजे विज्ञानकथा का? याला हसून उडवलं तर अर्धा वर्ग मनाने उठून जातो. आम्ही दोन गोष्टी शेजारी ठेवल्या. अगस्ती ऋषींनी समुद्र पिऊन टाकला. आणि जगदीशचंद्र बोस यांच्या १८९६च्या बंगाली कथेत (केसांच्या तेलाच्या कंपनीने लावलेल्या स्पर्धेसाठी लिहिलेल्या) एक माणूस तेलाची बाटली समुद्रात ओततो आणि तुफान शमतं. दोन्हीकडे एका माणसापुढे समुद्र हरला. फरक कुठे आहे? बोसांच्या कथेत ‘तेलामुळे पाण्याच्या पृष्ठताणावर परिणाम होतो’ असा दुवा कथेनेच द्यावा लागतो. तो पुरेसा नाही हे भौतिकशास्त्राचा विद्यार्थी सांगेल, पण कथा त्या प्रश्नाला उत्तर देणं लागते. अगस्तींची कथा ते लागत नाही, तिचा जोर तपाच्या सामर्थ्यावर आहे. कुणाची कथा श्रेष्ठ हा मुद्दाच निघत नाही, आणि सुविनचं ‘नोव्हम’ (कथेचं जग आपल्या जगापासून वेगळं करणारी नवी गोष्ट) म्हणजे काय ते परिभाषेशिवाय कळतं.

‘फ्रँकेन्स्टाइन’ला सिनेमा आडवा येतो. वाचायच्या आधी मुलांकडून ‘तुम्हाला काय काय माहीत आहे’ ते कागदावर लिहून घ्या आणि कागद जपून ठेवा. किल्ल्यातली प्रयोगशाळा, वीज पाडून जिवंत केलेलं प्रेत, कुबडा मदतनीस, न बोलणारा राक्षस, आणि त्या राक्षसाचंच नाव फ्रँकेन्स्टाइन. पुस्तकात यातलं एकही नाही. घराच्या वरच्या मजल्यावरची एक खोली आहे, व्हिक्टर एकटा आहे, जीव कसा घातला हे तो मुद्दाम सांगत नाही, आणि तो आठ फुटी जीव मिल्टन वाचतो. पुस्तक संपल्यावर कागद परत वाटले. दुसरं एक : सुरुवातीची वॉल्टनची (व्हिक्टर ज्याला आपली कहाणी सांगतो तो दर्यावर्दी) पत्रं कंटाळवाणी म्हणून गाळू नका. ती गाळली की कोण कुणाला सांगतंय हे सुटतं आणि शेवट लटका पडतो.

सगळ्यात चांगले तास वेल्सचे गेले. पद्धत अशी : तीन रकाने. काळयंत्रातून गेलेल्या प्रवाशाने काय पाहिलं, त्यावरून काय ठरवलं, ते कुठे कोसळलं. ८,०२,७०१ सालात तो उतरतो, वेगळी घरं दिसत नाहीत, म्हणून ठरवतो की साम्यवाद आला. मग जमिनीवर राहणाऱ्या इलॉय लोकांचा नाजूकपणा पाहून ठरवतो की सुखाने माणूस सुस्तावला. मग विहिरी, खालचे मॉरलॉक, म्हणजे मालक-मजूर यांच्या दोन जाती झाल्या. मग खाली मांस दिसतं, मॉरलॉक इलॉयनाच खातात असं वाटू लागतं, आणि मालक कोण हा हिशेबच उलटतो. चार सिद्धांत, तीन फसलेले, आणि चौथ्याबद्दलही तो छातीठोक नाही. ‘वेल्सचा संदेश काय’ असं विचारणाऱ्याला हे रकाने दाखवायचे.

दुसरं काम एका मुलीने सुचवलं आणि ते पुढे कायम ठेवलं : आगपेटीचा हिशेब. प्रवासी इलॉयना गंमत दाखवण्यात जवळजवळ अर्धी पेटी उडवतो. जमिनीखाली उतरल्यावर हातात चारच काड्या उरतात. पुढे त्या हिरव्या संग्रहालयात हवाबंद पेटीत काड्या सापडतात तर तो नाचतो. आणि अगदी शेवटी, यंत्राजवळ पोचल्यावर, अंधारात मॉरलॉक अंगावर येत असताना लक्षात येतं की या काड्या फक्त पेटीवरच घासल्या तर पेटतात. मुलांनी वहीत काड्यांचा जमाखर्च मांडला, किराणा दुकानाच्या खात्यासारखा. काळात मागेपुढे जाणारं यंत्र बनवणारा माणूस साधी काडीपेटी नीट घेऊन निघत नाही. विज्ञान शाप की वरदान यापेक्षा हे कितीतरी जास्त बोचतं.

रुकैयांच्या कथेला दोन तास पुरतात. सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक, ढगांतून नळाने पाणी, बायका बाहेर आणि पुरुष घरात, ‘मर्दान्या’त. धोका एवढाच की चर्चा पाच मिनिटांत ‘मुलं विरुद्ध मुली’ होते. त्याआधी विचारा, लढाई कशी जिंकली? तलवारीने नव्हे, गोळा करून ठेवलेला सूर्यप्रकाश शत्रूवर सोडून. उत्तर मजकुरात शोधावं लागलं की आवाज खाली येतात.

‘अर्थसी’ (१९६८) येईपर्यंत ऑक्टोबर उजाडला होता, चार तास कमी पडले. या कादंबरीत खरं नाव कळलं की त्या वस्तूवर, माणसावर सत्ता मिळते. म्हणून प्रत्येकाचं खरं नाव गुप्त, वापरायचं नाव वेगळं. हे मराठी वर्गाला समजावून सांगावं लागत नाही. राशीचं नाव वेगळं ठेवलेल्या पाच जणी वर्गातच निघाल्या, आणि नवऱ्याचं नाव थेट घ्यायचं नाही म्हणून उखाणा, हे तर घरोघरचं. मग व्हेच हा मित्र नायकाला आपलं खरं नाव सांगतो तो प्रसंग वाचताना टाचणी पडली तरी ऐकू आलं असतं. आणखी एक गोष्ट करून पाहा : दोन प्रकरणं झाल्यावर नायक गेडचं चित्र काढायला सांगा. आमच्याकडे बहुतेकांनी गोरा काढला. लेखिकेने तो तांबूस-सावळा लिहिलाय, गोरे आहेत ते हल्ला करणारे कार्ग लोक. ती रंग मोठ्याने सांगत नाही, आपण गृहीत धरतो. विस्फारणारं दारच पुन्हा.

अंतर्गत चाळीस गुण : रकान्यांची वही १५, वर्गात बसून लिहिलेलं पानभर जग १०, चाचणी १५. ‘पानभर जग’ आधी घरून आणायला सांगितलं होतं. चौतीसपैकी बरीच पानं सारखीच गुळगुळीत, सगळीकडे तंत्रज्ञानाने मानवतेला आव्हान दिलेलं. ती परत दिली. वर्गात चाळीस मिनिटं, हाताने, अट एकच : जगात एकच गोष्ट बदला आणि तिचा परिणाम स्वयंपाकघर, रस्ता आणि शाळा या तीन ठिकाणी दाखवा. एकाने मीठ संपलेलं जग लिहिलं. लोणच्याच्या बरणीला कुलूप होतं.

सत्रान्त परीक्षा साठ गुणांची, प्रश्नपत्रिका बाहेरून. बारा गुणांचा एक प्रश्न आलाच : विज्ञान हा शाप आहे, फ्रँकेन्स्टाइनच्या आधारे चर्चा करा. इतिवृत्तातली ती ओळ. बावीस जणांनी तोच सोडवला आणि अकरा जणांनी पाठ केलेला निबंध उतरवला. उरलेल्यांपैकी काहींनी प्रश्नालाच हटकलं : पुढचा अनर्थ हे जीव तयार केल्याचं नव्हे, तो बघून व्हिक्टर पळून गेल्याचं फळ आहे, आणि यासाठी चौथ्या प्रकरणातला प्रसंग दिला. पेपर काढणाऱ्याला अभ्यासक्रमासोबत दोन नमुना प्रश्नपत्रिका पाठवायची सोय असते. आम्ही ती वापरली नव्हती. चौतीसपैकी एकतीस उत्तीर्ण झाले.

पुढच्या बैठकीसाठी बदलांचा कागद अर्ध्या पानाचा आहे. नमुना प्रश्नपत्रिका जोडल्या. तोदोरोव्ह उताऱ्यापुरता. ‘अर्थसी’ दुसऱ्या घटकात वर आणली, म्हणजे सुट्ट्यांत सापडणार नाही, आणि तिच्या प्रतींचं कोटेशन मार्चमध्येच मागवलं. ‘फ्रँकेन्स्टाइन’च्या ओळीत आता लिहिलंय : १८१८ची संहिता, तीन खंड, प्रकरणे ७ + ९ + ७.